पाणी हेही औषधच

मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहराच्या एग्मोर भागात दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. एक प्रसूतीचे व स्त्रीरोगांचे. त्याचा आरंभ १८४४ सालचा. दुसरे बालकांचे. जेथे इतक्या कोवळ्या जीवांना रोज सुई टोचावी लागते, तेथे एका दुर्लक्षित वस्तूला मोठे महत्त्व येते. ती वस्तू म्हणजे औषधाची भुकटी विरघळविण्याचे पाणी.

पेनिसिलीन, स्ट्रेप्टोमायसीन, गोवराची लस ही द्रव्ये कोरड्या रूपात अधिक टिकतात. म्हणून टोचण्यापूर्वी ती पाण्यात विरघळवितात. याकरिता उकळलेले पाणी पुरे, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, परंतु काहींचे बीजाणू तग धरतात. शिवाय मेलेल्या जंतूंची ज्वरकारक द्रव्ये पाण्यात तशीच राहतात. ऊर्ध्वपातित पाणी टोचल्यावरही रोग्याला हुडहुडी भरून ताप का येतो, याचे कारण ही जंतुजन्य द्रव्येच होत, असे फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन विदुषीने १९२३ साली दाखविले. प्यालेल्या पाण्याला जठर व आतडे यांचे पहारे ओलांडावे लागतात. सुईने गेलेल्या पाण्याला ते आडवे येत नाहीत.

तथापि, पाणी निर्जंतुक असले म्हणजे ते सर्वांना चालते, असेही नव्हे. पुनःपुन्हा वापरावयाच्या मोठ्या कुपीतील पाण्यात जंतूंची वाढ रोखण्यासाठी बहुधा बेंझिल अल्कोहोल घालतात. प्रौढाला ते अल्प प्रमाणात सोसते. नवजात अर्भकाच्या शरीराला त्याचा निचरा करता येत नाही. १९८२ साली अमेरिकेत १६ नवजात बालकांच्या मृत्यूंचा संबंध या द्रव्याशी जोडण्यात आला.

प्रत्येक भुकटीचा द्रवही ठरलेला असतो. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस निर्जंतुक पाण्यात, तर बी.सी.जी.ची लस मिठाच्या निर्जंतुक द्रावणात विरघळवितात. २०१४ साली सीरियातील इदलिब प्रांतात गोवराच्या लशीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि किमान १५ बालके दगावली. २०१७ साली दक्षिण सुदानमध्ये लस विरघळविण्यासाठी एकच पिचकारी चार दिवस वापरली गेली. तेथेही १५ बालके मृत्युमुखी पडली. दोन्ही ठिकाणी लस निर्दोष होती.

यावरून आमचे मत असे की, पाण्याची गणना औषधातच झाली पाहिजे. भुकटी व तिचा द्रव यांची मागणी, साठवण व वाटप एकत्रच व्हावे. नवजात बालकांच्या कक्षात संरक्षक द्रव्य घातलेल्या पाण्याची कुपी ठेवूच नये. तेथे एकदाच वापरावयाच्या लहान कुप्या द्याव्यात. यात खर्च वाढतो व उरलेले पाणी वाया जाते, हा आक्षेप खरा आहे. परंतु ही काटकसर ज्याच्या जिवावर होते, त्या अर्भकाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने इतरांनी बोलावयास हवे.

वाचकालाही येथे एक कर्तव्य आहे. आपल्या मुलाला सुई टोचण्यापूर्वी कुपीवरील नाव, मुदत आणि विरघळविण्याची वेळ नम्रपणे विचारावी. विरघळविलेली गोवर-रुबेलाची लस चार तासांनंतर टाकून द्यावयाची असते. जाणत्या परिचारिकेला अशा प्रश्नाचा राग येणार नाही.