चोरलेले कार्ड आणि तीन दिवसांची मुदत

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये दरोडा पडला. पण तिजोरी कोणी फोडली नाही. ११ आणि १३ ऑगस्टला संगणकातील घुसखोरी व बनावट कार्डे यांच्या बळावर सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. त्यांतील बहुतांश रक्कम २८ देशांतील एटीएम यंत्रांतून निघाली. ती हानी बँकेची होती. परंतु पिंपरीतील एखाद्या कामगाराच्या डेबिट कार्डाची नक्कल होऊन त्याचा महिन्याचा पगार नाहीसा झाला, तर ती हानी कोणाची?

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये याचे उत्तर दिले. दोष बँकेचा असल्यास ग्राहकावर भार नाही. दोष दोघांचाही नसून अन्यत्र असल्यास, बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्यावरही नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास सामान्य बचत खातेदारावर कमाल १० हजार रुपयांचा. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणे हेही बँकेचेच काम ठरले. मात्र गुप्त अंक स्वतःच सांगून बसलेल्याला, तक्रार करीपर्यंतचे नुकसान सोसावेच लागते.

हक्क मुदतीने बांधलेला असला, की अज्ञानाची किंमत रुपयांत मोजावी लागते. म्हणून कार्ड तत्काळ बंद करणे, बँकेकडून तक्रार क्रमांक घेणे आणि १९३० या क्रमांकावर फसवणूक नोंदविणे, हे तीन उपाय प्रत्येक कारखान्याच्या सूचनाफलकावर मराठीत झळकले पाहिजेत. पगारवाढीसाठी झगडणाऱ्या कामगार संघटनांनी मिळालेल्या पगाराच्या रक्षणाकडेही तितकेच लक्ष द्यावे.