डोळ्यांतले राखणदार

“मला चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, मग डोळे कशाला तपासायचे?” मधुमेह असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकू येते. शेजारच्या कन्नड घरातले अज्जा तेच “कण्णु चलो अदावरी” असे सांगतात आणि विषय संपवतात. ‘शुगर’ म्हणा किंवा ‘सक्करे कायिले’ म्हणा, आजार एकच आणि गुपचूप डोळ्यांत शिरण्याची त्याची रीतही एकच.

कोरोनानंतर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र घराघरांत पोहोचला. काढे झाले, चूर्णे झाली, गोळ्या झाल्या. मधुमेही माणसाच्या पायाची जखम लवकर भरत नाही, त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो, हे आपण पाहतो. त्यावरून त्याची प्रतिकारशक्ती सगळीकडेच कमी झाली, असा आपला समज होतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र गोष्ट जवळजवळ उलटी आहे. तिथे प्रतिकारशक्ती नको तेवढी जागी होते आणि घराचे रक्षण करण्याऐवजी घराचीच मोडतोड करते. हे कसे घडते आणि आपण काय करायचे, ते आज पाहू.

नाजूक जागा, मोजका पहारा

डोळ्याच्या आतल्या बाजूला जो पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. समोरचे दृश्य या पडद्यावर उमटते आणि त्याची बातमी मेंदूकडे जाते. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या इतक्या बारीक असतात, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्यातून अंग चोरून पुढे सरकावे लागते.

शरीरात इतरत्र सूज आली तर चार दिवस दुखते आणि ओसरते. डोळ्याच्या पडद्याला सूज परवडत नाही, कारण सूज आली की दृश्यच धूसर होते. म्हणून निसर्गाने इथे पहारा मोजकाच ठेवला आहे. रक्तवाहिन्यांचे अस्तर घट्ट विणलेले असते, रक्तातले पाणी सहज पडद्यात उतरत नाही. आत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. मेंदूतल्या या पेशी रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली वेगळ्या ओळखल्या. डोळ्याच्या पडद्यातही त्याच जातीच्या पेशी राहतात. शेताच्या बांधावरच्या राखणदारासारख्या त्या आसपास लक्ष ठेवतात, मेलेल्या पेशी उचलून साफसफाई करतात. एरवी त्यांचा कोणाला त्रास नसतो.

साखर वाढते तेव्हा

रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की केशवाहिन्यांचे आतले अस्तर बदलते. त्यावर चिकटवणारे रेणू वाढतात. जवळून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटून बसतात. गल्ली आधीच अरुंद, त्यात कोणी वाटेत ठाण मांडले तर काय होईल? पुढचा रक्तपुरवठा अडतो. शिवाय या पेशी जंतूंशी लढण्यासाठी असलेली दाहक रसायने तिथेच सोडतात. तिथे जंतू नसतात. मार बसतो तो भिंतीलाच. भिंत कमकुवत होते, तिला बारीक फुगे येतात, पाणी आणि चरबी पडद्यात झिरपू लागते.

आतल्या मायक्रोग्लियाही बिथरतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे पडद्यातल्या मज्जापेशींना इजा होते. प्राणवायू कमी पडलेला पडदा ‘व्हीईजीएफ’ नावाचे द्रव्य सोडून नव्या रक्तवाहिन्या मागवतो. त्या येतात, पण कच्च्या. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. त्यातच हे द्रव्य आणखी पांढऱ्या पेशींना बोलावून आणते, आणि चक्र सुरू राहते.

म्हणजे मधुमेहात प्रतिकारशक्ती नुसती कमी होत नाही, तिची शिस्त बिघडते. पायाच्या जखमेकडे ती उशिरा पोहोचते आणि डोळ्यात विनाकारण धुमाकूळ घालते. म्हणूनच ‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्या चूर्णाने डोळ्याचा पडदा वाचेल, या आशेवर राहू नका.

आणि हे सगळे चालू असताना दुखत नाही. या पडद्याला वेदनेची जाणीवच नाही. वाचण्यासाठी लागणारा मधला भाग शाबूत असेल, तर बाजूला बरेच नुकसान होऊनही माणूस पेपर वाचत राहतो. पेपर वाचता येतो ही चांगली गोष्ट आहे, पण तो पडदा ठीक असल्याचा पुरावा नाही.

ॲस्पिरिनचे काय झाले?

दाहाचा हा संशय जुना आहे. १९६४ साली पॉवेल आणि फील्ड या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. सांधेदुखीसाठी ॲस्पिरिनच्या जातीची औषधे घेणाऱ्या मधुमेहींच्या डोळ्यांत हा विकार कमी दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. मग अमेरिकेत ३,७११ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. १९९१ साली निष्कर्ष आले, की त्याने विकार थांबला नाही आणि वाढलाही नाही. त्यामुळे डोळ्यांसाठी म्हणून कोणी ॲस्पिरिन सुरू करू नये. आणि हृदयासाठी डॉक्टरांनी दिले असेल तर डोळ्यांच्या भीतीने ते स्वतःहून बंदही करू नये.

संशय मात्र खरा निघाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात, पांढऱ्या पेशींना चिकटू देणारे रेणू ज्यांच्यात नव्हते, त्या मधुमेही उंदरांच्या पडद्याचे नुकसान कमी झाले. आता तर जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या अशा पेशी ‘ओसीटी’ या यंत्राने, सुई न टोचता, पाहता येतात. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांना २०२१ साली असे दिसले, की विकार पुढच्या अवस्थेत गेलेल्या डोळ्यांत, म्हणजे नव्या वाहिन्या फुटू लागलेल्या डोळ्यांत, पडद्याच्या पृष्ठभागावर या पेशींची गर्दी वाढलेली असते.

उपचारांतही याचा उपयोग होतो. पडद्याच्या मधल्या भागाला सूज आली, तर व्हीईजीएफ अडवणारी इंजेक्शने डोळ्यात देतात. काही रुग्णांना त्याने पुरेसा गुण येत नाही; त्यांना दाह कमी करणारे स्टेरॉइड डोळ्याच्या आत देता येते. पण त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवे. औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे हा त्याला पर्याय नाही. नव्या वाहिन्या आटोक्यात आणण्यासाठी लेसर आजही उपयोगी आहे.

घरातल्यांनी काय करायचे?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि प्रौढांमधले सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले. चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण आठांत एकाच्या पडद्यात बिघाड दिसतो, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक देशव्यापी अभ्यास सांगतो. त्यामुळे पुढील गोष्टी लक्षात असू द्या.

नेहमीचा म्हणजे ‘टाइप २’ मधुमेह कळला त्याच वेळी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, कारण आजार कळण्याआधी कित्येक वर्षे तो अंगात असू शकतो. लहान वयात होणाऱ्या ‘टाइप १’ मधुमेहात पहिल्या पाच वर्षांत तपासणी सुरू करावी. त्यानंतर साधारण वर्षातून एकदा, बिघाड असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्या लवकर. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले, तर सुरुवातीच्या तीन महिन्यांतच पडदा दाखवावा.

चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असे होत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले म्हणजे पडद्याची काळजी मिटली, असेही नाही. या तपासणीसाठी बहुधा थेंब घालून बाहुली मोठी करतात. पुढचे काही तास अंधूक दिसते, उजेड सहन होत नाही. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये, सोबत कोणीतरी असावे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. आजी मराठीत विचारते, डॉक्टर कन्नडमध्ये सांगतात, किंवा याच्या उलट. मोठी माणसे संकोचाने मान डोलावतात आणि घरी आल्यावर नेमके काय ते सांगू शकत नाहीत. सोबत गेलेल्या मुलाने किंवा सुनेने तीनच प्रश्न विचारून उत्तरे कागदावर लिहून आणावीत: पडद्यात बिघाड आहे का? मधल्या भागाला सूज आहे का? पुन्हा कधी यायचे?

राखणदारांना शांत ठेवण्याचा सगळ्यांत खात्रीचा उपाय मात्र आपल्याच हातात आहे. १९९३ साली पूर्ण झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, टाइप १ च्या ज्या रुग्णांनी साखर काटेकोर आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ मध्येही साखर आणि रक्तदाब दोन्ही सांभाळल्याचा फायदा १९९८ साली ब्रिटनमधील अभ्यासाने दाखवून दिला.

तेव्हा घरातले अज्जा-आजोबा “मला छान दिसते” म्हणाले, तर वाद घालू नका. छान दिसते आहे तोवरच तपासायचे असते, एवढे त्यांना समजावा आणि या महिन्यात त्यांना घेऊन जा.