वकीलपत्र कुणाचे?

मराठीत 'वकीलपत्र घेणे' हा वाक्प्रचार क्वचितच गौरवाने वापरला जातो. वादात कुणी एखाद्या अप्रिय माणसाची बाजू जराशी समजून घेऊ लागला, की 'तुम्ही त्याचे वकीलपत्र घेतले आहे काय?' हा प्रश्न ठरलेला. प्रश्न कसला, तो निकालच असतो. प्राध्यापकांच्या खोलीत आम्ही तो असंख्य वेळा ऐकला आहे आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, विचारलाही आहे. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे अशा आरोपांखाली उभ्या राहिलेल्या माणसांचा बचाव करणाऱ्या ज्येष्ठ वकिलांचा विषय निघाला, की आम्ही साहित्याचे अभ्यासक तर फारच सोवळे होतो. 'असल्या राक्षसाची बाजू मांडून यांना झोप कशी लागते?' असे कुणीतरी म्हणतो, सगळे माना डोलावतात आणि चहा संपतो.

हा सोवळेपणा आम्हांस निव्वळ अज्ञानाचा वाटत नाही. आपण वर्गात शिकवतो ते आपल्यालाच उमगलेले नाही, याचा तो पुरावा वाटतो. १९६७ साली रंगमंचावर आलेले तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आपण वर्षानुवर्षे शिकवतो. बेणारेबाईंवर आपण भरभरून बोलतो, पुरुषी व्यवस्थेवर बोलतो. पण त्या नाटकमंडळींचा त्या रात्रीचा मूळ खटला कोणता होता, हे किती विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते? अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल चालवायचा अभिरूप खटला! म्हणजे राष्ट्रप्रमुखाला आंतरराष्ट्रीय गुन्ह्यासाठी पिंजऱ्यात उभे करण्याची कल्पना या नाटकाच्या दारातच उभी आहे, आणि आपण तिला ओलांडून थेट आत जातो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या कोर्टात फिर्यादीचे वकील सुखात्मे आणि आरोपीचे वकीलही सुखात्मेच. ते जागा बदलतात, चेहरा पाडतात आणि बचावाचे वकील म्हणून गुन्हा आधीच मान्य करून केवळ दयेची याचना करतात. आम्हांला विचाराल तर काशीकरांच्या निकालाहून हे अधिक भयंकर आहे. बेणारेंना वकील मिळाला नाही असे नव्हे. त्यांना सुखात्मे मिळाले.

बचावाचे कोणते वकील सुखात्मे झाले नाहीत, ते पाहू. न्यूरेम्बर्ग येथे जर्मन नौदलप्रमुख कार्ल डोनिट्झ यांचा बचाव ओटो क्रान्झब्यूलर हे नौदलातीलच न्यायाधिकारी करत होते. इशारा न देता व्यापारी जहाजे बुडवल्याचा आरोप होता. क्रान्झब्यूलर यांनी दयेची भाषा केली नाही. त्यांनी अमेरिकी नौदलाचे चेस्टर निमिट्झ यांना लेखी प्रश्न धाडले, आणि पॅसिफिकमध्ये आमच्या पाणबुड्यांनीही युद्धाच्या पहिल्या दिवसापासून हेच केले, असे उत्तर जेत्यांच्याच सेनानीकडून अभिलेखात आले. डोनिट्झ सुटले नाहीत. त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली. परंतु ही शिक्षा पाणबुडी युद्धातील नियमभंगासाठी धरलेली नाही, असे १९४६ च्या निकालपत्रात न्यायालयाला लिहावे लागले. 'तुम्हीही केलेत' एवढ्याने कुणी निर्दोष ठरत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण जेत्याने आपली मोजपट्टी स्वतःलाही लावून पाहावी, हे सांगायला त्या दालनात बचावाच्या वकिलाखेरीज कोण होते?

टोकियोतील प्रसंग तर आम्हांस विलक्षण वाटतो. मे १९४६ मध्ये बेन ब्रूस ब्लेकनी हा अमेरिकी लष्करातील मेजर जपानी आरोपींच्या वतीने उभा राहिला आणि युद्धातील हत्येला खून म्हणायचे असेल तर हिरोशिमाचे काय, असे त्याने आपल्याच देशाला विचारले. त्या क्षणी जपानी भाषांतर थांबले. ज्यांच्यासाठी तो बोलत होता त्यांनाच ते त्यांच्या भाषेत ऐकू आले नाही. भाषांतराचा इतिहास शिकवणाऱ्यांनी हा दाखला जरूर टिपून ठेवावा. त्याच न्यायासनावरील राधाविनोद पाल यांच्या भिन्नमताचा आपल्याला कोण अभिमान! पण न्यायमूर्तीला भिन्नमत लिहिता येते, कारण त्याच्यापुढे कुणीतरी दुसरी बाजू नेटाने मांडलेली असते. पालांचे तैलचित्र आपण भिंतीवर लावतो. ब्लेकनीचे नाव किती जणांस ठाऊक आहे?

पुढे युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणात टाडिच या पहिल्याच आरोपीच्या वकिलांनी न्यायाधिकरणाच्या वैधतेलाच आव्हान दिले. सुरक्षा समितीला असे न्यायालय काढण्याचा अधिकार आहे काय, असा तो प्रश्न होता. ते हरले. मात्र त्यांना उत्तर देताना अपील पीठाने ऑक्टोबर १९९५ मध्ये, अंतर्गत यादवीतील अत्याचारही युद्धगुन्हे ठरू शकतात, हे सूत्र स्पष्ट केले. आज यादवीत होरपळलेल्यांना ज्या कायद्याचा आधार वाटतो, त्याची ही वीट आरोपीच्या अर्जामुळे बसली आहे. त्या बचावपथकातील आल्फोन्स ओरी पुढे त्याच न्यायाधिकरणात न्यायाधीश झाले, हे 'झोप कशी लागते' विचारणाऱ्यांच्या माहितीसाठी.

येथे आक्षेप येतो: आणि बळींचे काय? आक्षेप खरा आहे, टाळण्याजोगा नाही. काँगोतील लुबांगा यांच्यावर बालसैनिक भरती केल्याचा खटला हेगच्या न्यायालयाचा पहिला खटला. गोपनीयतेच्या अटीवर मिळवलेली, आरोपीला उपयोगी पडू शकतील अशी दोनशेहून अधिक कागदपत्रे अभियोग पक्षाने बचावाला दाखवली नाहीत, म्हणून जून २००८ मध्ये खटला सुरू होण्याआधीच स्थगित झाला. पुढे तो चालला तेव्हा मध्यस्थांनी आणलेल्या अनेक साक्षीदारांच्या साक्षी उलटतपासणीनंतर टिकल्या नाहीत. न्यायालयानेच त्या बाजूला ठेवल्या. तरीही २०१२ मध्ये लुबांगा दोषी ठरले आणि त्यांना १४ वर्षांची शिक्षा झाली. ज्या मुलांच्या हाती खरोखर बंदुका दिल्या गेल्या, त्यांचा अपमान कुणी केला? पढवलेले साक्षीदार आणणाऱ्यांनी, की ते पढवलेले आहेत हे दाखवणाऱ्यांनी?

या वकिलांना देव्हाऱ्यात बसवण्याची मात्र आमची इच्छा नाही. बेम्बा खटल्यात साक्षीदार फितवल्याबद्दल खुद्द बेम्बा, त्यांचे मुख्य वकील आणि आणखी तिघे २०१६ मध्ये दोषी ठरले. तो बचाव नव्हे, गुन्हाच. आणि १९८७ साली लियाँ येथे क्लाउस बार्बीचा बचाव करणारे झाक व्हेर्जेस, जे आमच्या साहित्यिक मित्रांना तेवढे आवडतात, ते आम्हांस फारसे आवडत नाहीत. त्यांनी अल्जीरियाचा प्रश्न काढला तो योग्यच होता. पण त्यांच्यात आपल्याला भावते ते नाट्य. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो वकील, जो परक्या देशात, हाती पोलीस नसताना, हजारो पाने वाचून एका तारखेतली विसंगती शोधतो. त्याची व्यवस्थाही पाहा. रोमच्या संविधीने न्यायालयाची जी अंगे सांगितली त्यांत अभियोक्त्याचे कार्यालय आहे, बचावाचे नाही. बचावासाठीचे कार्यालय आहे, पण प्रशासनाने ते निबंधक कार्यालयाच्या छायेत. लेबनॉनसाठीच्या विशेष न्यायाधिकरणाने बचावाला स्वतंत्र अंगाचा दर्जा दिला होता. ते २०२३ अखेर बंद झाले. २०१२ मध्ये लिबियात आरोपीला भेटायला गेलेले हेगच्या न्यायालयाचे चौघे, त्यांत बचाव कार्यालयाची वकीलही होती, जवळजवळ चार आठवडे अटकेत राहिले. असो.

हे सारे दूरचे वाटत असेल तर मुंबईकडे वळावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील जिवंत सापडलेल्या आरोपीसाठी वकील नेमला गेला, तेव्हा त्या वकीलबाईंच्या घरावर जमाव चालून गेला. याच खटल्यात फहीम अन्सारी यांची बाजू मांडणारे शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात हत्या झाली. अन्सारी विशेष न्यायालयात निर्दोष ठरले, उच्च न्यायालयात ठरले, सर्वोच्च न्यायालयातही ठरले. आझमींनी 'कुणाचे' वकीलपत्र घेतले होते, हे आम्हांस कुणीतरी सांगावे.

आता आमचा स्वतःचा गुन्हा. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. एका मुलीने 'युद्धगुन्हेगाराचा वकील' हा विषय घेतला. तयारी चोख होती, भाषा नेटकी होती, डोनिट्झचा दाखलाही तिने दिला होता. तो आम्ही प्रथम तिच्याकडूनच ऐकला. गुणपत्रिकेवर आम्ही शेरा लिहिला: 'विषयाची निवड असंवेदनशील.' क्रमांक आईच्या मायेवर बोललेल्या मुलाला दिला. निकालानंतर ती मुलगी आमच्याकडे आली आणि 'सर, माझे काय चुकले?' एवढेच तिने विचारले. परतीची गाडी गाठायची होती. आम्ही तिला बहुधा दहा सेकंद दिले.

यंदाच्या चाचणी परीक्षेसाठी आम्ही एक प्रश्न काढला आहे: 'सुखात्मे यांनी बचावाचे वकील म्हणून कोणते प्रश्न विचारायला हवे होते?' तो अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याचा शेरा मारून परत आला आहे. आम्ही तो पुन्हा पाठवला आहे.