नफा त्यांचा, तोटा आपला

‘सरकारने राज्य करावे, धंदा करू नये’ हे वाक्य १९९१ पासून इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की, ते धर्मवचन वाटावे. त्यावर आमचा आक्षेप आहे. आणि ‘सारे काही सरकारनेच करावे’ या त्याआधीच्या मंत्रावरही तितकाच आहे. परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजविण्याचे ते दिवस आम्ही विसरलेलो नाही.

बँकांचेच उदाहरण घ्या. जुलै १९६९ मध्ये चौदा मोठ्या खाजगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा देशातील सुमारे ८,२०० शाखांपैकी जेमतेम १,८०० ग्रामीण भागात होत्या. शेतकऱ्याला दारात उभे करण्यात बँकांना नफा दिसत नव्हता. पुढच्या वीस वर्षांत ग्रामीण शाखा तीस हजारांपलीकडे गेल्या. बाजाराने हे आपणहून केले नसते.

मात्र त्याच सरकारी बँकांतून बड्यांना दिलेली कर्जे बुडाली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये २ लाख ११ हजार कोटी रुपयांचे भांडवल पुरविण्याची योजना सरकारला जाहीर करावी लागली. त्यातला मोठा भाग सरकारी कर्जरोख्यांचा, म्हणजे अखेर करदात्याच्याच माथी. बरे, खाजगी बँकांचे काय? मार्च २०२० मध्ये येस बँक गटांगळ्या खाऊ लागली, तेव्हा हात देण्यास पुढे आली ती स्टेट बँक! बाजाराच्या भक्तांनी त्या दिवशी मौनव्रत धरले होते.

आपल्या मिश्र अर्थव्यवस्थेत मिश्रण बिघडते ते येथे. नफा वाटताना ती भांडवलशाही असते, तोटा वाटताना समाजवादी होते.

परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क राखला आणि त्याच पत्रात श्रमिकाच्या न्याय्य वेतनाचा आग्रहही धरला. अकरावे पायस यांनी १९३१ साली बजावले की, लहान समूहाला जे जमते ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये. वसईच्या कॅथॉलिकांनी तर त्याआधीच, १९१८ साली, सहकारी पतपेढी उभारली होती. आजची बॅसिन कॅथॉलिक बँक ती हीच.

म्हणून सहकार सोवळा ठरतो, असे मात्र नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी स्वतःच्या खात्यातून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. तेथेही ‘एक सभासद, एक मत’ हाच नियम होता. मत होते, विचारणारे कोण होते?

आम्हीही वार्षिक सर्वसाधारण सभेला जातो. अहवाल चाळतो, भेटवस्तूची पिशवी घेतो आणि ताळेबंद वाचून होण्याआधी रिक्षा गाठतो. थकीत कर्जांचे आकडे त्याच अहवालात असतात, बहुधा शेवटच्या पानांवर.