जुनी गाडी घेताय दुरुस्तीला? आधी हॅन्डल बघा, इंजिन नंतर

वाराणसीच्या संकठा घाटावर मोटरसायकल उतरत नाही, तिथे पायऱ्याच आहेत. पण घाटाच्या वर, संकठा देवीच्या देवळाजवळच्या गल्ल्यांमध्ये गाड्या सर्रास फिरतात. खाली दगडी फरशी, मध्येच बसलेली गाय, समोरून पूजेचं ताट घेऊन येणाऱ्या आजी. एका बाजूला शिंदे घाट, दुसऱ्या बाजूला थोडं पुढे भोसले घाट. नावं ऐकूनच आपल्याला ओळखीचं वाटतं. पुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाच्या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

अशा गल्लीत पिकअप कुणी विचारत नाही. ताशी 5-10 किलोमीटरच्या वेगात गाडी सरळ राहते का, हवी तिथे वळते का आणि गाय उठली तर थांबते का, एवढंच महत्त्वाचं. पुण्यातल्या पेठांत किंवा नाशिकच्या पंचवटीत तरी वेगळं काय असतं?

आपल्याकडे अनेक घरांत बाबांची जुनी गाडी असते. कुणाकडे 1985 साली आलेली आरएक्स 100, कुणाकडे 1994 पासूनची स्प्लेंडर. ती पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की आपण इंजिन खोलतो, रंग मारतो, नवी सीट बसवतो. गाडी चकाचक होते, पण आई मागे बसली की खांदा घट्ट धरूनच बसते. कारण गाडी अजूनही डगमगते.

गाडी डगमगते का?

मोटरसायकल सरळ चालते तेव्हाही हॅन्डल स्थिर नसतं. तोल राखण्यासाठी ते सतत डावी-उजवीकडे किंचित हलत असतं. हळू चालवताना तर जास्तच. हॅन्डलखालच्या कोनसेटमध्ये, म्हणजे गोळ्या आणि वाट्यांच्या बेअरिंगमध्ये, वर्षानुवर्षांच्या खड्ड्यांनी खाचा पडतात. मग हॅन्डल मध्यभागी अडकतं आणि गाडी आपलं ऐकत नाही.

घरी काय तपासता येईल?

गाडी मेन स्टँडवर लावा आणि कुणाला तरी मागून दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल.

• हॅन्डल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये ‘टक्’ अडकलं तर कोनसेट बदलायला झाला.

• पुढचे शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवा. खडखड झाली तर कोनसेट ढिला आहे. मात्र तो गरजेपेक्षा जास्त आवळला तरी गाडी डगमगते.

• शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर ऑइल सील गेलं. ते तेल ब्रेकपर्यंत पोहोचलं तर ब्रेक लागणार नाही. सील बदलताना दोन्ही बाजूंना मॅन्युअलमध्ये दिलेलंच ऑइल, तेवढंच भरायला सांगा.

• आता मागचं चाक जमिनीपासून वर राहील असं करा आणि ते आडवं हलवून बघा. खेळ जाणवला तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंग आर्मचे बुश झिजलेत.

• चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. एक पुढे, एक मागे असेल तर चाक तिरकं बसलंय.

• चाक फिरवा. रिम डावी-उजवीकडे हलत असेल तर तारा ओढून घ्यायला हव्यात.

टायरचं वय विसरू नका

गाडी उभी राहिली तरी टायर म्हातारा होतो. नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होऊन ओल्या फरशीवर घसरतं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1409 म्हणजे 2009 चा चौदावा आठवडा. असा टायर नक्षी कितीही छान असली तरी ठेवू नका.

जाड टायर लावला की पकड वाढते, असं पुष्कळ जण सांगतात. पण जुन्या अरुंद रिमवर जाड टायर नीट बसत नाही, चेनला किंवा स्विंग आर्मला घासू शकतो आणि हॅन्डल जड होतं. कंपनीने दिलेल्या मापाचाच घ्या.

मेकॅनिकला काय सांगाल?

“दादा, गाडी नीट चालत नाही” एवढंच म्हटलंत तर बहुतेकदा आधी इंजिनलाच हात लागतो. त्यापेक्षा “हॅन्डल मध्ये अडकतंय, मागचं चाक आडवं हलतंय” असं नेमकं सांगा. बनारसमध्ये असाल तर “भैया, हैंडल बीच में अटक रहा है” म्हणा, लगेच समजेल. खर्चाचा क्रम टायर, ब्रेक, कोनसेट, बुश, शॉकअप असा ठेवा. रंग आणि सीट शेवटी.

एक कागदपत्रांचं काम. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. ती संपली असेल तर आरटीओत तपासणी करून 5 वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. पैसे घालण्याआधी आरसी बुक उघडून तारीख बघा.

काम झालं की आधी मोकळ्या मैदानात एकट्याने चालवून बघा. मग मागच्या शॉकअपचा स्प्रिंग एक खाच घट्ट करा, हवा दोघांसाठी सांगितलेल्या मापाची भरा आणि आईला मागे बसवून गल्लीत हळूच एक फेरी मारा. तिने खांदा सोडून पिशवी धरली, तर काम नीट झालंय.