पदरचा गडी कीं विकतचा मल्ल?

आमच्या नशिराबादेंत कबड्डीचा, म्हणजे वडील मंडळींच्या भाषेंत हुतूतूचा, डाव रंगला कीं एक प्रश्न हटकून निघतो. अमक्या संघानें वर्गणी काढून बाहेरगांवचा धिप्पाड गडी आणला. मग आपणही तसेंच कां करूं नये? प्रश्न क्षुल्लक नाहीं. बाहेरचा एक गडी आला म्हणजे वर्षभर घाम गाळलेला आपल्यांतील एक मुलगा कडेला बसतो. म्हणून आम्ही या प्रश्नाचा येथें शांतपणें विचार करूं इच्छितों.

प्रो कबड्डी लीगमध्यें हाच वाद कोट्यवधि रुपयांच्या मोलानें चालतो. २०२२ सालीं तमिळ थलैवाज संघानें पवन सेहरावत यास २ कोटी २६ लक्षांस घेतलें. पहिल्याच सामन्यांत तो जायबंदी झाला व हंगामास मुकला. संघ मात्र बुडाला नाहीं. नरेंदर यासारख्या नवख्या पोरांनीं तो उपांत्य फेरीपर्यंत नेला. पुढील वर्षीं तेलुगु टायटन्सनीं त्याच पवनसाठीं २ कोटी ६० लक्षांहून अधिक मोजले. संघाची सारी थैली ५ कोटींची. तिचा अर्धा भाग एकाच गड्यावर गेला. पवन शर्थीनें खेळला, परंतु २२ सामन्यांत संघास दोनच विजय मिळाले. दोष त्या वीराचा नव्हे. एका खांबावर मांडव उभारणाऱ्यांचा होय.

तथापि दुसरी बाजूही न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. त्याच लिलावांत पुणेरी पलटणनें इराणचा बलाढ्य बचावपटु मोहम्मदरेझा शादलूई यास २ कोटी ३५ लक्षांस घेतलें आणि १ मार्च २०२४ रोजीं हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून विजेतेपद मिळविलें. पुढच्या हंगामांत शादलूई हरियाणाकडे गेला, आणि विजेतेपदही हरियाणाकडे गेलें! तेव्हां मोठा गडी निरुपयोगी, असें कोण म्हणेल?

परंतु पुण्याचा कर्णधार कोण होता, हें विसरून चालणार नाहीं. तो होता नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्यानें २०२१ च्या हंगामांत पुण्याकडूनच पदार्पण केलें, त्याच संघांत तो वाढला, आणि २०२३ सालीं हांगझोऊ येथें आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांतही होता. त्याच्याभोंवतीं आकाश शिंदे, मोहित गोयत, पंकज मोहिते अशी तरुण फळी उभी होती. शादलूई आला तो बांधून झालेल्या भिंतीवर. भिंतच नसती, तर त्यानें भार कशावर ठेवला असता?

आमच्या खानदेशांतील शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. बाजारांतून केळीचा घड आणणाराचें घर एक दिवस सजतें. कंद लावणारास वर्षभर पाणी द्यावें लागतें, पण बाग त्याचीच असते. एखादे वर्षीं वादळानें ती आडवी होते, हेंही खरें. म्हणून कोणी कंद लावणें सोडीत नाहीं.

आमचें मत इतकेंच कीं, क्रम चुकूं नये. आधीं आपलीं मुलें घडवावीं, चार पराभव सोसावे, आणि एखादी जागा खरोखरच रिकामी राहिली तर मग बाहेर पाहावें. विकत आणलेला चषक कपाटांत राहतो. घडविलेला गडी पुढच्या वर्षीं लहानग्यांना पकड शिकवितो.