सक्ती ऑनलाइनची, रेंज मात्र टेकडीवर



जिल्हा बैठकीच्या तयारीसाठी गेले पंधरा दिवस गावोगाव फिरतो आहे. कापसाचा भाव, विजेचे बिल, रानडुकरांचा उपद्रव हे विषय निघायचेच. पण या वेळी जवळजवळ प्रत्येक गावात कोणी ना कोणी मोबाइलच्या टॉवरचा विषय काढला. एका गावात एक म्हातारबा म्हणाले, "त्या फाइव्ह जीच्या लहरींनी चिमण्या मेल्या, आता आपला नंबर. तुम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले, खरे काय ते सांगा." दुसऱ्या गावात एक पदवीधर पोरगा उत्साहाने म्हणाला, "भाऊ, फाइव्ह जी आले की ड्रोन फवारेल, सेन्सर पाणी देईल, शेती आपोआप होईल." तिसऱ्या गावात एक बाई बराच वेळ गप्प बसून ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "ते सगळं राहू द्या. पीकपाहणीचा फोटो वर पाठवायला मी कोणत्या टेकडीवर चढू, तेवढं सांगा."

एकाची भीती, दुसऱ्याची आशा आणि तिसरीची अडचण. सरकार भीतीवर खुलासे काढते आणि आशेवर जाहिराती करते. अडचणीबद्दल कोणी बोलत नाही. आपण तिन्हींचा हिशेब करू.

भीतीचा हिशेब

मोबाइलच्या लहरी म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन ज्या जातीच्या लहरींवर चालतात, त्याच जातीच्या. एक्स-रे शरीरातल्या पेशींची जडणघडण मोडू शकतो, या लहरींत तेवढा जोर नाही. फार जवळून, फार जास्त मिळाल्या तर त्या ऊब निर्माण करतात. ही ऊब धोक्याच्या खूप खाली राहावी म्हणून आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे, आणि २०१२ साली भारताने टॉवरसाठी त्या मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा ठरवली. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा वर्गात टाकले होते. त्याचा अर्थ पुरावा अपुरा आहे, अभ्यास व्हावा, असा होता. पुढे याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. अभ्यास पुढेही चालू राहावेत, त्याला आपली हरकत असण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. लांबच्या टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनची लहर आपल्या डोक्याला जास्त मिळते. आणि टॉवर जितका दूर, रेंज जितकी कमी, तितका फोन जास्त जोर लावतो. म्हणजे लहरींच्या भीतीने गावातला टॉवर हटवला, तर डोक्याला मिळणारी लहर घटणार नाही, उलट वाढेल.

मे २०२१ आठवा. करोनाची दुसरी लाट होती. हरियाणा, उत्तर प्रदेशात अफवा उठली की माणसे करोनाने मरत नाहीत, फाइव्ह जीच्या चाचणीने मरतात. त्या वेळी देशात कोठेही फाइव्ह जीचे जाळे चालू नव्हते. कंपन्यांना चाचणीची परवानगी नुकतीच मिळाली होती. माणसे मरत होती ती खाट नव्हती, ऑक्सिजन नव्हता म्हणून. दोष टॉवरवर गेला की ज्यांनी खाटा आणि ऑक्सिजनची सोय करायला हवी होती, ते सुटतात. अफवेचा फायदा नेहमी असा वरच्याला होतो.

चिमण्या आणि मधमाश्यांबद्दल केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली तज्ज्ञांची समिती नेमली होती. सावधगिरी घ्या, आपल्याकडे अभ्यास करा, असे तिने सुचवले. अभ्यास अवश्य करा. पण शेतकी पदवीधर म्हणून मी एवढे सांगतो की मधमाशी कोठे गेली हे शोधायचे असेल, तर टॉवरकडे बघण्याआधी ऐन फुलोऱ्यात सकाळच्या वेळी मारलेल्या फवारणीकडे बघा. ते आपल्या हातात आहे.

नवे तंत्र आले की कोणीतरी बागुलबुवा उभा करतो. बीटी कापसाच्या वेळी आपण ते पाहिले. शेतकऱ्याने तंत्र वापरून, तोलून बघावे, भिऊन नव्हे, हे आपले म्हणणे जुनेच आहे.

आशेचा हिशेब

आता त्या पोराच्या आशेकडे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत फाइव्ह जीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून शेतकऱ्याचे नाव प्रत्येक जाहिरातीत आहे. पण लहरींचा गुणधर्म जाहिरात वाचत नाही. फाइव्ह जीचा वेग ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात मिळतो, ती लहर फार लांब जात नाही. भिंतीला अडते, झाडोऱ्यात शोषली जाते. २६ हजार मेगाहर्ट्झची लहर तर काही शे मीटरमध्येच संपते. डोक्याच्या वर गेलेल्या उसाच्या फडात आणि दाट आमराईत हिचा भरवसा धरता येत नाही. लांब पल्ला गाठते, भिंती ओलांडते, ती ७०० मेगाहर्ट्झची लहर. खेड्याच्या कामाची लहर हीच.

या लहरीचे काय झाले? २०१६ साली सरकारने तिची बोली १ मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये अशी लावली. कोणी घेतली नाही. २०२१ साली पुन्हा लिलाव, पुन्हा गिऱ्हाईक नाही. शेवटी २०२२ साली भाव ३,९२७ कोटींवर, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला, तेव्हा एका कंपनीने ती घेतली, बाकीच्यांनी नाही. धान्य कोठारात ठेवता येते, लहर ठेवता येत नाही. आज वापरली नाही ती आजच वाया गेली. खेड्याला जोडणारी लहर तिजोरीच्या हव्यासापोटी सहा वर्षे पडीक राहिली. सातबाऱ्यावर पड दिसली की तलाठी विचारतो, पीक का नाही? हा प्रश्न दिल्लीला कोणी विचारला का?

त्या २०२२ च्या लिलावात सरकारने दीड लाख कोटी रुपयांच्या बोली मिळवल्या. हे पैसे कंपनी गिऱ्हाइकाकडूनच काढणार. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर दहा ते पंचवीस टक्के वाढवले. ज्याच्या गावात फाइव्ह जीची एक काडी येत नाही, त्याचेही रिचार्ज महागले.

मग शेतीला या जाळ्याचा उपयोग नाही का? आहे, मोठा आहे. पण कोणत्या गोष्टीला किती जाळे लागते, हे समजून घ्या. मातीची ओल सांगणारा सेन्सर दिवसातून चार वेळा दोन-चार आकडे पाठवतो. त्याला साधी टू जीची रेंजही पुरते. बाजारभाव, हवामानाचा इशारा, पशुवैद्याला दाखवायचा जनावराचा व्हिडिओ, याला भरवशाची फोर जी पुरते. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोचला, तो साधा बोलण्याचा. मासेमार समुद्रातूनच कोणत्या बंदरात भाव आहे ते विचारू लागले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. मासा फेकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमाराचा नफा सुमारे आठ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासा चार टक्के स्वस्त पडला. अनुदान नाही, योजना नाही, नुसता एक फोन आणि माल हव्या त्या बंदरात नेण्याची मोकळीक. मोकळीक नसती तर नुसत्या फोनने काय केले असते? निर्यातबंदी असताना कांद्याचा परदेशातला भाव फाइव्ह जीवर पाहिला काय आणि टू जीवर ऐकला काय, हळहळ तेवढीच.

अडचणीचा हिशेब

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून फोटो काढायचा, पेरा नोंदवायचा. नोंद नाही तर सातबारा कोरा, सातबारा कोरा तर खरेदी केंद्रावर हात हलवत परत. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात शेतात पाणी शिरले की ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचे होते. ज्या अतिवृष्टीने पीक गेले, तिनेच वीज आणि टॉवर बंद पाडलेला असायचा. घड्याळ मात्र चालू. १५ एप्रिल २०२५ पासून योजनेच्या लाभाला शेतकरी ओळख क्रमांक लागू झाला. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा, तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करून तारीख घेणे आले.

पीकपाहणीच्या ॲपमध्ये नेट नसताना माहिती साठवून ठेवता येते, असे अधिकारी सांगतात. खरे आहे. पण शेवटी ती वर पाठवायला नेट लागतेच, आणि मुदत संपते ती सर्वांची एकाच दिवशी. मग शेतमजुरीचा दिवस मोडून तालुक्याला जा, सेवा केंद्रात रांग लावा, फॉर्ममागे पैसे मोजा. कागदाच्या राज्यात एक दलाल होता, ऑनलाइनच्या राज्यात दुसरा आला.

सरकार म्हणते, देशातल्या ९९ टक्क्यांहून जास्त जिल्ह्यांत फाइव्ह जी पोचले. जिल्ह्यांत, बरे का! जिल्ह्याच्या गावी चौकात चार टॉवर लागले की जिल्हा झाला. आपल्याला हा खेळ नवा नाही. पीकविम्यात मंडळाच्या सरासरीत आपला गट बुडतो, येथे जिल्ह्याच्या आकड्यात आपले गाव बुडते. दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांतही नुकसानभरपाई आहे, पण जिल्हा पातळीवर सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर. एखादे गाव महिनाभर बंद राहिले, तर त्याला नियमात जागा नाही.

पैसा नाही म्हणून गाव राहिले, असेही नाही. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातले पाच टक्के २००२ पासून खेड्यांतल्या सेवेच्या नावाने कापले जातात. त्या निधीचे नाव आता 'डिजिटल भारत निधी' झाले. नाव बदलले, तरी वर्षानुवर्षे हजारो कोटी न वापरता पडून राहिले. गावोगाव फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, मुदतीवर मुदती उलटल्या, २०२३ साली तिच्यासाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटी मंजूर झाले. २०२४ च्या अखेरीस शहरात दर शंभर माणसांमागे १३० च्या आसपास जोडण्या होत्या, खेड्यात साठाच्या आत. कर गावाच्या नावाने, जाळे शहरात!

आपले म्हणणे

एक. ज्या शिवारात रेंज नाही, तेथे ऑनलाइनची सक्ती नाही. कागदी अर्ज घ्यावा आणि सही-शिक्क्याची पोच द्यावी.

दोन. रेंज बंद असेल तितके दिवस मुदत वाढली पाहिजे. पुरावा शेतकऱ्याने नव्हे, कंपनीने द्यावा.

तीन. जाळ्याची मोजणी जिल्ह्याची नको, गावाची आणि शिवाराची हवी. भरपाईही त्याच मोजमापाने हवी.

चार. खेड्यांच्या नावाचा निधी खेड्यांत खर्च करा, नाही तर कापणे बंद करून दर उतरवा. पडून राहिलेल्या लहरी गावपातळीवर सेवा देऊ पाहणाऱ्या लहान उद्योजकालाही वापरू द्या.

पाच. टॉवरला जागा देणे हा जमीनमालकाचा सौदा आहे. २०२३ च्या कायद्यात मालकाने नकार दिला तरी सार्वजनिक हिताच्या नावाखाली जागेवर हक्क मिळवण्याची वाट सरकारने ठेवली आहे. तिला आपला विरोध आहे. लेखी करार आणि बाजारभावाने भाडे मिळाले, तर शेतकरी स्वतःहून जागा देईल. आणि सावध राहा. टॉवर लावतो म्हणून आधी नोंदणीचे पैसे मागणारा माणूस भामटा समजा.

बैठकीला येताना

नुसती मागणी करून भागणार नाही, आकडे आपले हवेत. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने चार पोरे सोबत घ्यावीत आणि शिवाराची रेंज पाहणी करावी. गट नंबर, तारीख, वेळ, कंपनी, आणि बांधावर उभे राहून फोन लागला की नाही, फोटो गेला की नाही, एवढे वहीत लिहावे. १ एप्रिल २०२५ पासून कंपन्यांनी आपल्या रेंजचे नकाशे जाहीर करणे बंधनकारक आहे. ते नकाशे आणि आपली वही बैठकीत शेजारी-शेजारी ठेवू. जेथे नकाशात रेंज आहे आणि बांधावर नाही, त्या गटांची यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.

आमचा पेरा मोजायला सरकारने आमच्याच हातात फोन दिला. त्याच फोनने आपण सरकारची रेंज मोजू. त्या बाईंना मी शब्द दिला आहे की पुढच्या खरिपात पीकपाहणीसाठी टेकडी चढावी लागली, तर तहसीलदारांनाही सोबत चढायला लावू. वही भरून या.